सदुसष्ट गावं

चंद्रपूरचा तुरुंग जिथं आहे तिथं पूर्वी गोंड राजांचा वाडा होता. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या चार वेशींच्या परकोटात ज्या वास्तूतून राज्य चाललं, तिच्यात पुढे कैदी ठेवले जाऊ लागले. जिंकलेल्याच्या घरातच त्याला कोंडण्याची जेत्यांना हौस असते. त्यात खर्चही वाचतो आणि जो अर्थ पोचवायचा तोही पोचतो. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी या तुरुंगात बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांना फाशी दिली गेली. परंपरेनं त्यांचं जन्मवर्ष १८३३ मानलं जातं, म्हणजे वय अवघं पंचवीस. तुरुंगातल्या पिंपळाशी ही फाशी जोडलेली आहे आणि दरवर्षी त्या तारखेला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतून आदिवासी माणसं तिथं अभिवादनाला येतात.

बाबुरावांच्या शौर्यावर भाषणं पुष्कळ होतात आणि ती व्हावीत. मला मात्र बरीच वर्षं वेगळीच गोष्ट छळत आली आहे. मार्च १८५८ मध्ये उघड पेटलेलं त्यांचं इंग्रजांविरुद्धचं बंड सप्टेंबरात मोडलं ते कसं, आणि कुणाच्या हातून? इंग्रजांची फौज इथं मोठी नव्हती. पावसाळ्यात वैनगंगा आणि प्राणहिता दुथडी भरून वाहतात, पलीकडचं जंगल तोंड मिटून बसतं. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनला त्या जंगलातल्या वाटा ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तरी बाबुराव सापडले.

थोडं मागं जायला हवं. चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी घेतलं. शेवटचा राजा नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. मराठी वाचकाला हे वाक्य जरा टोचायला हवं. अटकेपार झेंड्यांच्या गोष्टी सांगताना आपण चांद्याचं नाव घेत नाही, कारण इथल्या गोष्टीत मराठे जिंकणारे आहेत. मग मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या फौजेनं चांद्याला वेढा घालून शहर घेतलं, किल्लेदार गंगासिंग त्यात पडला. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. डिसेंबर १८५४ मध्ये एलिस नावाचा पहिला डेप्युटी कमिशनर चांद्याला आला. म्हणजे शंभर वर्षांत इथल्या माणसाच्या डोक्यावरचं छत्र दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा त्याला कुणी विचारलं नाही.

वैनगंगेच्या पूर्वेकडे मात्र या बदलांचा आवाज फार हळू पोचत असे. तिथं जमीनदाऱ्या होत्या. जमीनदार म्हटलं की बंगालातला सारा पिळून घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथला प्रकार निराळा होता. जंगलातले घाट राखायचे, वाटा सुरक्षित ठेवायच्या, वेळ पडली तर माणसं घेऊन हजर व्हायचं आणि वर्षाला बेताची टाकोळी भरायची. बाकी गावांचं काय करायचं ते जमीनदार आणि गावांचे मुखिये आपसांत बघत. गोंड राजांनी ही रचना ठेवली, भोसल्यांनीही फार हलवली नाही. अहेरी ही त्यातली सर्वांत मोठी जमीनदारी होती. मोलमपल्ली अहेरीच्याच मुलखात मोडे, आणि तिथले बाबुराव. शेजारी अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव. हे दोघं मिळून उठले. गोंड आणि माडिया तरुण, शिवाय निजामाच्या मुलखातून इकडे वावरणारे रोहिले, असं त्यांचं दळ होतं. परंपरेत त्याला जंगोम दल म्हणतात.

पहिला घाव राजगड परगण्यावर पडला. ७ मार्च १८५८ ही तारीख सांगितली जाते. तिथं रामजी गट्टा मारला गेला. तो इंग्रजांकडचा माणूस होता आणि गोंडच होता. कुठल्याही उठावाच्या हकिगतीत सुरुवातीला अशी एखादी ओळ असते आणि वाचणारा तिच्यावरून पटकन पुढे सरकतो, कारण पुढे लढाई असते. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ क्रिक्टनच्या फौजेशी गाठ पडली आणि बंडवाल्यांची सरशी झाली. मग सगणापूर, बामनपेठ. गढीसुर्ल्याच्या डोंगरावरून बंडवाल्यांनी शिळा लोटून फौजेला मागं रेटलं, असं सांगतात. जंगलात लढणाऱ्याला मुलूखच हत्यार पुरवतो.

२९ एप्रिलची रात्र या हकिगतीत सर्वांत स्पष्ट दिसते. प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या माणसांचा तळ होता. गार्टलँड, हॉल आणि पीटर अशी तिघांची नावं. बंडवाल्यांनी तळावर हल्ला केला, गार्टलँड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटून क्रिक्टनला जाऊन मिळाला. तारेचा तळच का, हा प्रश्न पडतो. आदल्या वर्षी उत्तरेत उठाव झाला तेव्हा तार ज्यांच्या हाती होती त्यांना हुकूम घोड्याच्या आधी पोचवता आले. तारेचं हे मोल प्राणहितेकाठच्या माणसाला किती उमगलं होतं, यावर छातीठोक विधान करणं कठीण. पण जंगलातून एक रेघ ओढली जाते आहे आणि ती आपल्यासाठी ओढली जात नाही, एवढं तर रानातल्या पोरालाही कळतं.

तळावर मेलेल्या दोघांची आणि वाचलेल्या तिसऱ्याची नावं आज दीडशेहून अधिक वर्षांनीही आपल्याला ठाऊक आहेत. बंडवाल्यांच्या बाजूनं त्या रात्री कोण होतं? बाबुराव, व्यंकटराव आणि ‘गोंड व रोहिले’. संपलं. लुसी स्मिथचा १८६९ चा जमाबंदीचा अहवाल आणि १९०९ चं चांद्याचं गॅझेटिअर हे या मुलखाच्या इतिहासाचे दोन मोठे कागदी साठे. दोन्ही राज्यकर्त्यांच्या टेबलावर तयार झाले. रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये बंड मोडणाऱ्यांच्या गद्यावर एक फार धारदार निबंध लिहिला. बंडाची पहिली हकिगत बंड मोडणारा लिहितो, आणि नंतरचे इतिहासकार, अगदी बंडखोरांबद्दल प्रेम असणारेही, त्याच हकिगतीतल्या शब्दांनी विचार करू लागतात, असं काहीसं त्यांचं म्हणणं. चांद्याच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. बाबुरावांवरचा आजचा कोणताही गौरवग्रंथ उघडा, त्यातल्या लढायांचा क्रम आणि मेलेल्या साहेबांची नावं याच सरकारी कागदांतून उतरलेली असतात. वर विशेषणं तेवढी आपली.

आता सापडण्याची गोष्ट. बाबुरावांना पकडून देणाऱ्याला हजार रुपयांचं इनाम लागलं. पण इनामानं काम झालं नाही. काम झालं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामुळे. क्रिक्टननं त्यांच्यावर दाब आणला आणि त्यांनी आपली माणसं बाबुरावांच्या मागावर धाडली. एकदा बाबुराव लक्ष्मीबाईंकडच्या रोहिल्यांच्या हाती पडून पुन्हा निसटले, असं सांगतात. १८ सप्टेंबर १८५८ ला मात्र ते कायमचे हाती लागले. पुढच्या तेहतीस दिवसांत खटला, शिक्षा आणि फाशी उरकली. बक्षीस म्हणून बाबुराव आणि व्यंकटराव यांच्या जमीनदाऱ्यांतली सदुसष्ट गावं लक्ष्मीबाईंना मिळाली.

इथं लेखक मंडळींना मोह अनावर होतो. त्याच वर्षी जूनमध्ये झाशीची लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला लढताना पडली होती. नाव एक, वर्ष एक, वाटा विरुद्ध. यावर टाळ्यांचं वाक्य सहज बेतता येतं. मला ते बेतायचं नाही, कारण ते अहेरीच्या बाईंवर अन्याय करणारं आहे. झाशीच्या राणीचं राज्य १८५४ मध्येच गेलं होतं. तिच्यापाशी जे उरलं होतं ते पणाला लावायला तिला मोकळीक होती. अहेरीचं अजून गेलं नव्हतं. नागपूरसारखं मोठं राज्य एका शेऱ्यानं गिळणारं सरकार दारात उभं आहे, आपल्याच मुलखातल्या मोलमपल्लीचा माणूस त्याच्या विरुद्ध उठला आहे, आणि साहेब विचारतो आहे की तुम्ही कुणाच्या बाजूच्या. या प्रश्नाला तिसरं उत्तर त्यानं ठेवलेलंच नव्हतं. गप्प बसणं हेही बंडच धरलं गेलं असतं.

एवढं समजून घेऊनही त्यांच्या निर्णयाला बरं म्हणवत नाही. दाबाखाली मदत करणं वेगळं आणि ज्याला पकडून दिलं त्याची गावं पदरात घेणं वेगळं. हे दुसरं पाऊल कुणी संगिनीच्या टोकावर उचलायला लावत नाही. पण मग नागपुरातही बघा. १३ जून १८५७ ला तिथला घोडदळाचा कट फसला, तेव्हा दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई यांनी आपलं सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. ज्यांनी घराण्याचं राज्य तीन वर्षांपूर्वी नेलं त्यांच्याच. पुढे १८६१ मध्ये भोसल्यांचे दत्तक वारस जानोजी यांना देऊरचे राजेबहाद्दर ही पदवी आणि तनखा मिळाला. बांकाबाईंनाही नागपुरात फितूर म्हटलं जातं. अहेरीच्या बाईंना व्याख्यानांतून सर्रास म्हटलं जातं. मोठ्या घराण्यातली राणी असो की जंगलातली जमीनदारीण, तिच्या तडजोडीला नुसतं गद्दारी म्हणून मोकळं व्हायचं, हा आपला हिशेब मला खोटा वाटतो. याच चांद्यात बीरशहाच्या पश्चात राणी हिराईनं कारभार सांभाळला होता, तिचं कौतुक आजही होतं. बाईनं राज्य चालवणं गोंडांना नवं नव्हतं. नवी होती ती समोरची सत्ता, जिला बाजू निवडलेली लेखी हवी होती.

या सत्तेला आपलं हत्यार पुरतं ओळखीचं होतं. १८५७ नंतर गव्हर्नर-जनरल कॅनिंगनं संस्थानिकांना वादळात आडवे आलेले बांध म्हटलं आणि त्यावर पुढच्या नव्वद वर्षांचं धोरण उभं राहिलं. खालसा करणं थांबलं, सनदा देणं सुरू झालं. चांद्याच्या सदुसष्ट गावांकडे याच नजरेनं पाहायला हवं. ते एका बाईच्या लोभाचं मोल नव्हतं. एका जमीनदाराची गावं दुसऱ्या जमीनदाराच्या खात्यावर चढवली की दोन घरांत जे वैर पेरलं जातं त्याची राखण करायला पलटण ठेवावी लागत नाही.

हे केवळ इंग्रजांचं कसब होतं असंही नाही. समुद्रापलीकडे, फिलिपिन्समध्ये, स्पेननं हाच डाव अधिक उघडपणे खेळला. २० जानेवारी १८७२ ला मनिलाजवळच्या काविते इथल्या शस्त्रागारात सुमारे दोनशे शिपाई आणि कामगार उठले. कारण साधं होतं. गव्हर्नर इस्किएर्दोनं त्यांची कराची आणि वेठबिगारीची जुनी सूट काढून घेतली होती. वेठ काय असते हे चांद्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. उठाव दोन दिवसांत चिरडला गेला. पण सरकारला त्यातून त्याहून मोठं काही साधायचं होतं. गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा हे तीन स्थानिक धर्मगुरू स्पॅनिश मठाधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलत होते. त्यांना या उठावात गोवलं गेलं आणि १७ फेब्रुवारीला मनिलात गळा आवळून मारलं गेलं. त्यांच्या विरुद्ध साक्ष देणारा साल्दुआ हा माणूसही त्यांच्यासोबतच मारला गेला. ज्याचा उपयोग संपला त्याची सरकारला लाज वाटू लागते.

चोवीस वर्षांनी त्याच शहरात होसे रिझालला गोळ्या घातल्या गेल्या. रिझाल डॉक्टर होता, कादंबरीकार होता आणि सशस्त्र उठावाच्या बाजूचा नव्हता. आपली दुसरी कादंबरी त्यानं त्याच तीन धर्मगुरूंना अर्पण केली होती. १८९२ मध्ये आंद्रेस बोनिफासिओ आणि त्याच्या सोबत्यांनी स्थापलेली कातिपुनान ही गुप्त संघटना वेगळीच. ती ऑगस्ट १८९६ मध्ये उघडकीला आली, तीही घरच्या वाटेनं. पातिन्यो नावाच्या सभासदानं बहिणीला सांगितलं, बहीण जोगिणींच्या अनाथाश्रमात राहत होती, तिथून गोष्ट पाद्र्याकडे आणि पाद्र्याकडून सरकारकडे गेली. ३० डिसेंबर १८९६ ला रिझालला मैदानात उभं केलं तेव्हा समोर बंदुका रोखून स्थानिक फिलिपिनो शिपाई होते, आणि त्यांच्या मागं स्पॅनिश शिपायांची दुसरी रांग. पुढच्या रांगेनं चुकारपणा केला तर तिच्यावर झाडायला. रिझालला तोंड फिरवून उभं केलं होतं, तरी पडता पडता तो वळला असं म्हणतात.

ती दुहेरी रांग माझ्या डोक्यातून जात नाही. चांद्यात ती नजरेला पडत नाही एवढंच, पण होती. लक्ष्मीबाईंची माणसं पुढे आणि क्रिक्टन मागं. परकी सत्ता मागच्या रांगेत उभी असते, म्हणून इतिहासात तिचा चेहरा अर्धाच दिसतो आणि पुढच्या रांगेतल्या माणसाचा चेहरा पूर्ण दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या शिव्या खातो तोही पुढचाच. फिलिपिन्सची गोष्ट आणखी कडू आहे. बोनिफासिओला मे १८९७ मध्ये मारलं ते स्पेननं नव्हे, क्रांतिकारकांच्या आपसातल्या सत्तेच्या झगड्यात दुसरा क्रांतिकारक नेता आगिनाल्दो याच्या माणसांनी. परक्यानं घालून दिलेली सवय त्याच्या गैरहजेरीतही चालू राहते.

रिझाल आणि बाबुराव यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो नाकारून उपयोग नाही. रिझालनं दोन कादंबऱ्या, ढीगभर पत्रं आणि मृत्यूच्या आदल्या रात्रीपर्यंतचं लेखन मागं ठेवलं. त्याच्यावर बोलायचं तर त्याच्याच शब्दांशी भिडावं लागतं. बाबुरावांची एक ओळही आपल्यापाशी नाही. ते रायपूरला इंग्रजी शिकले असं सांगतात, म्हणजे लिहिता येत असावं. त्यांना काय हवं होतं? मोलमपल्लीचा मान, चांद्याचं गोंड राज्य, की इंग्रजांचा अंमल उठवणं? स्वातंत्र्यलढ्याच्या मोठ्या माळेत त्यांना ओवताना आपण तिसरं उत्तर आधीच ठरवून ठेवतो. मला वाटतं, त्या वर्षी या तिन्ही गोष्टी वेगळ्या नसाव्यात. आपल्या मुलखात आपला शब्द चालावा, या एका इच्छेत तिन्ही येतात. पण हे मी म्हणतो आहे, ते नव्हे.

फाशीच्या तारखेतही एक गोम आहे. २१ ऑक्टोबरनंतर अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ ला, राणीचा जाहीरनामा वाचून दाखवण्यात आला. कंपनीचं राज्य गेलं, राणीचं आलं, आणि शस्त्रं खाली ठेवणाऱ्यांना माफी जाहीर झाली. अकरा दिवस आणखी मिळते तर, असा हळहळीचा सूर काही जण लावतात. तो भाबडा आहे. ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतल्याचं ज्यांच्यावर शाबीत होईल त्यांना माफी नाही, असं त्याच जाहीरनाम्यात होतं. चिंचगुंडीच्या तळावरची दोन प्रेतं आड आलीच असती. राजगडच्या रामजी गट्ट्याच्या मरणाची तिथं किती गणना झाली असती कोण जाणे.

कागद संपतो तिथून लोकांची आठवण सुरू होते. गावोगाव सांगतात की बाबुरावांच्या गळ्यातला दोर पुन्हा पुन्हा तुटला, त्यांच्या अंगी दैवी बळ होतं, आणि अखेर त्यांना चुन्यात टाकून मारावं लागलं. अभ्यासू मंडळी असल्या कथा ऐकून कानकोंडी होतात आणि ‘दंतकथा’ असा शिक्का मारून मोकळी होतात. मला या कथेत एक निवाडा दिसतो. खटला सरकारनं चालवला, निकाल सरकारनं दिला, कागदावर ‘फाशी दिली’ एवढं आलं. लोकांनी आपली सुनावणी वेगळी घेतली आणि तिच्यात शिक्षा लागूच पडत नाही असं ठरवलं. फिलिपिन्समध्ये बनाहाव डोंगराच्या पायथ्याशी रिझालला देव मानणारे पंथ आहेत, त्यांच्या लेखी तो मेलेला नाही. लेखणीचा माणूस आणि रानातला माणूस, दोघांना लोकांनी सारखंच वागवलं. मात्र या कथेत लक्ष्मीबाईंच्या पुढच्या आयुष्याला जागा नाही. दोराशी झुंज चालू असताना पकडून देणारा हात नजरेआड होतो, आणि लोकांनी तो मुद्दामच नजरेआड केला असेल. त्यांना त्याच मुलखात, त्याच अहेरीच्या छत्राखाली पुढची नव्वद वर्षं काढायची होती.

व्यंकटराव बस्तरकडे निसटले होते. १८६० मध्ये बस्तरच्या राजानं त्यांना पकडून दिलं आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. पुन्हा तीच पुढची रांग, फक्त राजा दुसरा. सभा-संमेलनांत त्यांचं नाव क्वचित निघतं. फासावर न गेलेल्याच्या वाट्याला स्मरणही उणंच येतं.

गावं ज्यांच्या नावावर चढली त्यांच्याकडे ती बराच काळ राहिली. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आले, सागवान राखीव झाला. ज्या जंगलाच्या वाटा राखणं हे एकेकाळी जमीनदारीचं काम होतं त्यातून एक मोळी आणायची तर माणूस गुन्हेगार ठरू लागला. जमीनदाऱ्या कायद्यानं संपल्या त्या थेट १९५१ मध्ये, चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. म्हणजे १८५८ चं बक्षीस इंग्रज गेल्यावरही चार वर्षं चालू होतं. आणि जमीनदाराची गावं सरकारकडे आली म्हणजे ती गावकऱ्यांकडे आली, असा अर्थ कुणी केला नाही.

१९८२ मध्ये चांद्याचा पूर्व भाग तोडून गडचिरोली जिल्हा झाला. तोवर तिथं नक्षलवादी शिरले होते. १९९० मध्ये पोलिसांनी स्थानिक तरुणांचं सी-६० पथक उभारलं. गोंडी-माडिया बोलणारी, वाटा ओळखणारी पोरं. इकडे पोलीस, तिकडे नक्षलवाद्यांचं दलम, दोन्हीकडे याच गावांची मुलं, आणि मधे ज्याच्यावर ‘खबरी’ असा नुसता संशय आला तो रात्रीतून घराबाहेर ओढला जाणारा माणूस. निवडून दिलेलं सरकार आणि कंपनी सरकार यांना एका तागडीत घालण्याइतका मी उथळ नाही. मत मागायला येणाऱ्याला जाब विचारता येतो, क्रिक्टनला येत नव्हता. शिवाय गावातल्या माणसाला लोकांसमोर उभा करून मारणाऱ्या दलमला बाबुरावांचा वारस म्हणवणं मला किळसवाणं वाटतं. पण डोक्यावर लावलेलं इनाम, शरणागतीचे दर, आणि ‘तू कुणाच्या बाजूचा’ हा दोन्हीकडून येणारा प्रश्न, हे सगळं त्या गावांना ओळखीचं आहे. तिसरं उत्तर द्यायची सोय अजूनही तुटपुंजीच आहे.

२००९ मध्ये टपाल खात्यानं बाबुराव शेडमाके यांचं तिकीट काढलं. त्याच वर्षी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली, सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही या गावाची घोषणा तोवर सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाली होती. हक्काचा कागद मिळाला, तरी गावानं कापलेला बांबू बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागे आणि तो द्यायचा अधिकार वनखात्याचा. १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला झाडांत धरलं होतं; वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं. वनखात्यानं परवाना अडवला. गावानं दोन वर्षं धरून ठेवलं. २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या, म्हणजे ग्रामसभेच्या, हाती दिलं. त्यानंतर बांबू गावानंच कापला, लिलाव गावानंच केला आणि परवानाही गावानंच फाडून दिला.